घसाऱ्याचे सोळा लाख कोणाच्या खिशात गेले?

पत्र: सप्रेम नमस्कार. वेंगुर्ले तालुक्यात आमचा काजूचा कारखाना आहे. मामंजींनी सुरू केला, पुढे त्याची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली. तीन भावांचा सारखा हिस्सा. गेल्या वर्षी माझे यजमान गेले आणि त्यांचे शेअर माझ्या नावावर झाले. दोन्ही दीर कारखाना बघतात, महिना साठ-साठ हजार पगार घेतात. यजमानांचा पगार अर्थातच थांबला. लाभांशाचं विचारलं तर थोरले भावजी म्हणाले, ‘कंपनी तोट्यात आहे, घसाराच सोळा लाख आहे, लाभांश कुठून देऊ?’ २०२४-२५ च्या हिशेबात खरंच २ लाख ४० हजार तोटा दाखवलाय. पण त्याच वर्षात बँकेतली शिल्लक दीड लाखाने वाढलीय. तोटा झाला तर पैसे वाढले कसे? आणि घसारा व अमॉर्टायझेशन म्हणून १६ लाख ४० हजार लिहिलेत, ते कोणाच्या खिशात गेले? पुण्याचा भाचा म्हणतो, एबिटडा १९ लाख आहे, कंपनी मस्त चाललीय, तुला फसवतायत. भावजी म्हणतात, तोट्यातल्या कंपनीत अडकून राहू नका, पुस्तकी किमतीप्रमाणे तुमच्या हिश्श्याचे १२ लाख देतो. सहीसाठी फॉर्मही पाठवलाय. हिशेबाच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. मी काय करू?
— एक वाचक भगिनी

ताई,

खिशाचा प्रश्न आधी मिटवू, कारण तुमची झोप त्यानेच उडवलेली दिसते. ते १६ लाख ४० हजार कोणाच्याच खिशात गेले नाहीत. घसाऱ्याचा चेक कोणी फाडत नाही. २०२४-२५ या वर्षात घसाऱ्यापोटी कंपनीच्या खात्यातून एक रुपयाही बाहेर पडलेला नाही. पैसे गेले ते त्याआधी. तुम्ही हिशेबाच्या टिपाही पाठवल्यात ते फार बरं केलंत. त्यांत दिसतं की एप्रिल २०२३ मध्ये कटिंगची यंत्रं, बॉयलर आणि ड्रायर असा ९० लाखांचा संच कारखान्यात बसला. ६० लाख बँकेचं कर्ज, ३० लाख कंपनीचे स्वतःचे. यंत्रवाल्याला त्याचे ९० लाख तेव्हाच मिळाले आणि तो मोकळा झाला.

हे ९० लाख त्याच वर्षी खर्च म्हणून लिहिले असते तर कंपनीला पाऊण कोटीचा तोटा दिसला असता. पुढच्या वर्षांत मात्र तीच यंत्रं फुकटात चालताहेत असं दिसून नफा फुगला असता. दोन्ही चित्रं खोटी. म्हणून यंत्र जितकी वर्षं उपयोगी पडेल तितक्या वर्षांवर त्याची किंमत वाटतात आणि त्या त्या वर्षाचा वाटा त्या वर्षाच्या उत्पन्नातून वजा करतात. हा घसारा. सॉफ्टवेअर, परवाना, विकत घेतलेला ट्रेडमार्क अशा हाताला न लागणाऱ्या मालमत्तेची किंमत याच रीतीने वाटली की तिला अमॉर्टायझेशन म्हणतात. तुमच्या १६ लाख ४० हजारांत यंत्रांचे १३ लाख ३४ हजार, शेड, टेम्पो, कॉम्प्युटर वगैरेंचे २ लाख ४६ हजार आणि सॉफ्टवेअरचे ६० हजार आहेत. सॉफ्टवेअर ३ लाखांचं, आयुष्य पाच वर्षं धरलंय, म्हणून साठ. त्यात संशय घेण्यासारखं काही नाही.

आता बँकेतले दीड लाख. वर्षभरात कंपनीला २ कोटी १० लाख मिळाले. काजू बी, सोलणीची मजुरी, वीज, दोघांचे पगार, बँकेचं ५ लाख व्याज असं सगळं धरून घसाऱ्याखेरीजचा खर्च १ कोटी ९६ लाख. म्हणजे १४ लाख हातात उरले. त्यातून कर्जाच्या मुद्दलाचे १० लाख बँकेने घेतले. व्याज खर्चात धरतात, मुद्दल धरत नाहीत, कारण उसने घेतलेले पैसे परत करणं हा खर्च नव्हे. म्हणून हे १० लाख तुम्ही नफा-तोटा पत्रकात कितीही शोधलेत तरी सापडणार नाहीत. ते ताळेबंदात कर्जाची बाकी ५० लाखांवरून ४० लाखांवर आली तिथे दिसतात. शिवाय काजू बीची खरेदी मार्चात सुरू होते, त्यामुळे ३१ मार्चला गोदामात आदल्या वर्षीपेक्षा अडीच लाखांचा माल जास्त होता. तोही पैसाच, पोत्यांत भरलेला. १४ मधून १० आणि अडीच गेले की दीड उरतो. देणी-घेणी आदल्या वर्षीएवढीच आहेत, त्यामुळे हिशेब जुळतो. तोटा २ लाख ४० हजार आणि बँकेत वाढ दीड लाख, ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत.

मोठ्या कंपन्यांच्या हिशेबाला कॅश फ्लो स्टेटमेंट जोडलेलं असतं. त्यात बहुधा पहिल्या काही ओळींतच नफ्यात घसारा परत मिळवलेला दिसतो, तो याच कारणाने. छोट्या कंपन्यांना कायद्याने हे पत्रक जोडण्यातून सूट आहे, म्हणून ते तुमच्या हातात आलं नाही. सूट म्हणजे बंदी नव्हे. भावजींकडे मागून घ्या. त्यांच्या सीएला ते फार वेळाचं काम नाही, आणि आलं की मी वर मांडलंय ते ताडून बघता येईल.

भाच्याचा आकडा चुकीचा नाही. १४ लाखांत व्याजाचे ५ मिळवले की १९ होतात, आणि व्याज, कर, घसारा, अमॉर्टायझेशन वजा करण्याआधीचा नफा म्हणजेच एबिटडा. पण त्यावरून ‘मस्त चाललीय’ म्हणणं हे पुण्यात बसून म्हणण्यासारखंच आहे. मालवणच्या किनाऱ्यावर एखाद्याने लाकडी होडी घेतली, दरवर्षी मासळीच्या पैशातून डिझेल, बर्फ आणि खलाशांचा वाटा वजा केला आणि उरेल तो सगळा नफा समजून खर्च केला, तर एबिटडाच्या हिशेबाने तो झकास चाललेला असतो. फळ्या कुजून होडी वाळूवर येते त्या वर्षी कळतं की दरसाल होडीचाच एक तुकडा विकून खाल्ला होता. कंपनी कायद्याच्या अनुसूचीत लाकडी सांगाड्याच्या मासेमारी होडीचं आयुष्य १० वर्षं धरलंय. तुमची कटिंगची यंत्रं १५ वर्षांची. ती झिजतात हे खरंच आहे, फक्त त्या झिजेचं बिल येत नाही.

याच्या उलट एक गैरसमज आमच्या भागातल्या कारखानदारांतही पाहतो. घसारा धरला म्हणजे नव्या यंत्रासाठी तेवढी रक्कम कुठेतरी साठते, असं त्यांना वाटतं. ताळेबंदाच्या टिपेत ‘साठलेला घसारा’ असा आकडा असतो, पण तो कोणत्याही बँकेत ठेवलेला नसतो. वेगळी मुदत ठेव केली तरच पैसे असतात. तुमच्या कंपनीने केलेली नाही, आणि कर्ज चालू असताना करावी असंही मी म्हणणार नाही.

आता जरा बारीक बघू, कारण तुमचा ‘तोटा’ इथेच जन्माला आलाय.

घसारा काढायच्या दोन पद्धती आपल्याकडे सर्रास चालतात. एकीत दरवर्षी सारखी रक्कम. कंपनी कायदा २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे सर्वसाधारण यंत्रसामग्रीचं आयुष्य १५ वर्षं, आणि शेवटी मूळ किमतीच्या फार तर ५ टक्के भंगाराची किंमत उरेल असं साधारण धरतात. ९० लाखांतून साडेचार लाख बाजूला ठेवले, उरलेल्या साडेपंच्याऐंशी लाखांना १५ ने भागलं की वर्षाला ५ लाख ७० हजार येतात. दुसऱ्या पद्धतीत दर ठरलेला, पण तो दरवर्षी उरलेल्या किमतीवर लावायचा. १५ वर्षांत ५ टक्के उरायचे तर हा दर १८.१० टक्के येतो. तुमच्या सीएने हीच पद्धत धरली आहे. पहिल्या वर्षी १६ लाख २९ हजार, २०२४-२५ मध्ये १३ लाख ३४ हजार, त्याच्या पुढल्या वर्षी १० लाख ९३ हजार, मग ८ लाख ९५ हजार, अशी उतरत जाणारी रक्कम.

या यंत्रांना पहिली पद्धत धरली असती तर २०२४-२५ मध्ये २ लाख ४० हजार तोट्याच्या जागी ५ लाख २४ हजार नफा दिसला असता. कारखाना तोच, काजूगर तेच, बँकेतले पैसेही तेवढेच.

म्हणजे भावजींनी लबाडी केली का? नाही. दोन्ही पद्धती कायद्याला मान्य आहेत, आणि कंपनीने निवडलेली पद्धत हिशेबाच्या टिपांत लिहिलेली आहे. माझं स्वतःचं मत विचाराल तर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या काजू कारखान्याला ही उतरती पद्धत शोभते. खाऱ्या हवेने पत्र्याला, मोटरच्या खोक्याला, नटबोल्टला गंज कसा धरतो हे तुम्हाला मी सांगायला नको, आणि काजूच्या टरफलाचं तेल हाताची कातडी जाळतं तसं यंत्रालाही सोडत नाही. सुरुवातीच्या वर्षांत यंत्र जास्त देतं, दुरुस्ती कमी मागतं, पुढे उलटं होतं. तेव्हा आधी जास्त घसारा आणि नंतर कमी, हे चित्र प्रत्यक्षाच्या जवळ जातं. उलट अशा हवेत १५ वर्षं आयुष्य धरणं हेच थोडं धाडसाचं वाटतं. तांत्रिक आधार असेल तर कंपनीला वेगळं आयुष्य धरता येतं, फक्त ते का धरलं हे हिशेबात सांगावं लागतं. आणि हंगामात यंत्रं दोन पाळ्यांत चालली असतील तर तेवढ्या काळाचा घसारा दीडपट धरायचा असतो. तुमच्या टिपांत त्याचा उल्लेख नाही. दुसरी पाळी चालते की नाही ते तुम्हालाच ठाऊक.

आणखी एका गोष्टीने तुम्ही दचकाल म्हणून आधीच सांगतो. प्राप्तिकराच्या कागदांत घसाऱ्याचा आकडा वेगळा दिसेल. तिथे साध्या यंत्रसामग्रीला उरलेल्या किमतीवर १५ टक्के दर आहे, त्यामुळे याच यंत्रांचा २०२४-२५ चा घसारा ११ लाख ४७ हजार ५०० येतो. ही दोन नंबरची वही नव्हे. एक आकडा कंपनी कायद्याचा, एक प्राप्तिकराचा, आणि दोन्ही उघड असतात. दोन्हींतल्या फरकामुळेच ताळेबंदात ‘स्थगित कर’ अशी एक ओळ येते. तिच्यात डोकं घालू नका, आत्ता त्याची गरज नाही. एवढं मात्र लक्षात असू द्या की प्राप्तिकरात नफा पुरा न पडल्यामुळे न वापरला गेलेला घसारा पुढच्या वर्षांत कितीही काळ ओढता येतो, धंद्याच्या इतर तोट्यासारखी त्याला आठ वर्षांची मर्यादा नाही. कंपनी नफ्यात आली की त्याचा फायदा तिला मिळेल, म्हणजे एक तृतीयांश तुम्हालाही.

लाभांशाबाबत भावजींचं म्हणणं कायद्याला धरून आहे. घसारा वजा केल्यावर नफा उरला तरच त्या वर्षाच्या नफ्यातून लाभांश देता येतो, असं कंपनी कायदाच सांगतो. मागच्या वर्षांचा साठलेला नफा असेल तर त्यातून देता येतो, काही अटींवर. पण बँकेत दीड लाख वाढलेत आणि दर वर्षी १० लाखांचा हप्ता आहे, अशा वेळी लाभांशाचा हट्ट धरून मिळणार किती?

खरा प्रश्न वेगळा आहे. दोघांचे पगार मिळून वर्षाला १४ लाख ४० हजार होतात. कंपनीला सगळं भागवून उरले तेही १४ लाखच. तीन भाऊ होते तेव्हा तिघांनाही कारखान्यातून मिळायचं ते पगाराच्या वाटेने, म्हणून लाभांशाचा विषयच निघाला नसेल. आता तुमच्या घरी ती वाट बंद झाली आहे. प्रायव्हेट कंपनीत संचालकांच्या पगाराला कायद्याने कमाल मर्यादा नाही. दोघं दिवसभर राबत असतील तर साठ हजार अवाजवी नाहीत, बाहेरचा माणूस नेमला तरी पगार द्यावाच लागला असता. पण उद्या नफा दिसू लागला आणि पगार साठचे नव्वद झाले, तर लाभांश पुन्हा शून्यच राहील. तेव्हा बोट ठेवायचंच तर घसाऱ्यावर ठेवू नका, या ओळीवर ठेवा, आणि भांडणाच्या सुरात नको. पगारवाढ तिघांच्या संमतीने व्हावी आणि कर्ज फिटल्यावर नफ्याचा ठराविक भाग लाभांश म्हणून वाटावा, एवढं लेखी ठरवून घ्या.

आता ते १२ लाख.

भावजींनी पुस्तकी किंमत म्हणून ताळेबंदातली भाग भांडवल आणि राखीव मिळून ३६ लाखांची बेरीज घेतली आणि तिला तीनने भागलं. गणित बरोबर आहे. पण ताळेबंद हा किमतीचा दाखला नसतो. मामंजींनी घेतलेली जमीन त्यात १ लाख ८५ हजारांना उभी आहे, कारण घेतली तेव्हा तेवढ्याला पडली. जमिनीवर घसारा नसतो, ती झिजत नाही, म्हणून आकडा कमी होत नाही. आणि तुमच्यासारख्या छोट्या कंपन्या बहुधा जुनीच किंमत पुढे ओढत राहतात, म्हणून तो वाढतही नाही. मधल्या काळात याच तालुक्यात चिपीला विमानतळ झाला, ऑक्टोबर २०२१ पासून विमानं उतरू लागली. रस्त्याकडेच्या जमिनीला आज काय भाव सांगतात ते तुमच्या कानावर असेलच. ताळेबंदाच्या कानावर नाही. कारखाना कुडाळच्या एमआयडीसीत असता तर गोष्ट निराळी होती. तिथला भूखंड ठराविक मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळतो, म्हणून त्याचं अधिमूल्य, म्हणजे सुरुवातीला एकरकमी भरलेली रक्कम, वर्षावर्षाने कमी करत जातात. तुमची जमीन कंपनीच्या मालकीची आहे.

कारखान्यामागच्या काजूच्या कलमांचंही तेच. बाग कंपनीच्या नावावर आहे असं टिपेत दिसतं. जमिनीला घसारा नाही, पण कलमांना आहे. वर्षानुवर्षं फळ देणाऱ्या झाडाला लेखा मानक १० प्रमाणे यंत्रासारखंच धरतात आणि ते उत्पन्न देईल त्या काळावर त्याच्या लागवडीचा खर्च वाटतात. तुमच्या बागेची किंमत वहीत जवळपास संपली आहे. झाडं मात्र दर फेब्रुवारी-मार्चला बी देताहेत.

आणि नाव. मामंजींनी इतक्या वर्षांत कमावलेलं नाव, ज्याच्यावर मुंबईचा दुकानदार डबा न उघडता माल घेतो, ते ताळेबंदात कुठे आहे? कुठेच नाही. विकत घेतलेला ब्रँड मालमत्ता म्हणून लिहिता येतो आणि त्याचं अमॉर्टायझेशन होतं. स्वतः घडवलेला ब्रँड लिहिताच येत नाही, लेखा मानक २६ तसं स्पष्ट सांगतं. तीन लाखांचं सॉफ्टवेअर आहे, नाव शून्य. नियम का तसा आहे हे मला समजतं, स्वतःच्या नावाची किंमत ज्याने त्याने हवी तशी फुगवली असती. पण शेअर विकणाऱ्या माणसाने त्या शून्यावर विश्वास ठेवायचं कारण नाही.

शिवाय वेळ बघा. पुढल्या वर्षी यंत्रांचा घसारा १३ लाख ३४ हजारांवरून १० लाख ९३ हजारांवर येईल, म्हणजे २ लाख ४१ हजारांनी कमी. धंदा जिथल्या तिथे राहिला तरी तुमचा २ लाख ४० हजारांचा तोटा आपोआप पुसला जातो. त्यानंतरच्या वर्षी आणखी जवळपास दोन लाखांचा फरक. मार्च २०२९ मध्ये कर्ज फिटेल, मग दरसाल मुद्दलात जाणारे १० लाख मोकळे होतील, आणि यंत्रं तेव्हाही चालू असतील. आज विकलंत तर वाईट दिसणाऱ्या वर्षाच्या हिशेबावर विकाल, आणि चांगली वर्षं येताना बाहेर असाल.

भावजींनी हे सगळं ओळखून डाव टाकला, असं मी म्हणत नाही. बहुतेक कारखानदार ‘तोटा’ हा शब्द वाचून स्वतःही घाबरतात आणि पुस्तकी किंमत म्हणजे खरी किंमत असं प्रामाणिकपणे मानतात. त्यांना हिशेब समजावून सांगितला तर कदाचित तेच आकडा बदलतील.

विकायचंच ठरलं तर नोंदणीकृत मूल्यांकनकारांकडून किंमत काढून घ्या, आणि त्यांना जमिनीची आजची किंमत धरायला सांगा. यात एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे, जरा विचित्र वाटेल अशी. शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीचे शेअर कमी भावात विकले, तरी भांडवली नफा मोजताना प्राप्तिकर खातं नियमांप्रमाणे काढलेली रास्त किंमत धरतं, आणि ती काढताना कंपनीची जमीन-इमारत मुद्रांक शुल्काच्या किमतीने, म्हणजे रेडीरेकनरच्या अंगाने, मोजली जाते. म्हणजे १२ लाख घेऊन तुम्ही कर त्याहून कितीतरी मोठ्या रकमेवर भराल. भावजींसमोर ‘मला जास्त हवेत’ असं म्हणायला जड जात असेल, तर ‘कायदाच पुस्तकी किंमत मानत नाही’ असं म्हणा. ते खरंही आहे आणि घरातला गोडवाही टिकतो.

विकायचं नसेल तर घाई कशाचीच नाही. एक तृतीयांश हिस्सा ही लहान गोष्ट नव्हे. कंपनीची नियमावली बदलण्यासारख्या विशेष ठरावाला पडलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश मतं लागतात, आणि तुम्ही विरोधात मत दिलंत तर ती दोघा भावांना मिळूच शकत नाहीत.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. तिच्या आधी एक साधं पत्र देऊन तीन गोष्टी मागा. स्थावर-जंगम मालमत्तेचं रजिस्टर, म्हणजे कोणतं यंत्र कधी, कितीला आलं आणि आज कुठे आहे हे बघता येईल. मग एकदा कारखान्यात जाऊन ती यंत्रं डोळ्यांनी बघून या, घसाऱ्यात लबाडी होतेच तर ती जागेवर नसलेल्या किंवा फुगवलेल्या बिलाच्या यंत्रांत होते. त्या ९० लाखांच्या खरेदीची बिलं, आणि काजू प्रक्रियेसाठी सरकारी अनुदान मिळालं असेल तर ते कुठे लिहिलंय याचा खुलासा. टिपांत ते यंत्रांच्या किमतीतून वजा केलेलं किंवा वेगळं दाखवलेलं मला दिसलं नाही. आणि सभासदांच्या नोंदवहीत तुमचं नाव चढल्याचा उतारा. ‘नावावर झाले’ असं तुम्ही लिहिलंय, पण घरात ठरणं वेगळं आणि वहीत चढणं वेगळं.

राहिला तो फॉर्म. तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून तो एसएच-४ आहे, शेअर दुसऱ्याच्या नावावर करून देण्याचा. त्यात रक्कम आणि तारीख दोन्ही जागा कोऱ्या आहेत. तशा फॉर्मवर सही करू नका. केली असेल आणि फॉर्म अजून घरातच असेल तर फाडून टाका. भावजींकडे पोचला असेल तर आजच कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर रजिस्टर पत्र टाका की हा व्यवहार मला मान्य नाही आणि पैसेही मिळालेले नाहीत. सही केल्यापासून साठ दिवसांत तो कंपनीकडे द्यावा लागतो, पण तारीख कोरी असेल तर ते साठ दिवस कधीपासून मोजायचे हे दुसऱ्याच्या हातात राहतं.